फौजेतला रगडा कमी झाला, मग पोट्टे मऊ झाले का?

कामठीचा_गार्ड (धागाकर्ता), रविवार रात्री ९:१२

राम राम मंडळी.

१९८८ साली भरती झालो. कामठीला गार्ड्सच्या (ब्रिगेड ऑफ द गार्ड्स, पायदळाची रेजिमेंट) सेंटरमध्ये रंगरूट म्हणून घासलो गेलो आणि २०१२ ला हवालदार होऊन घरी आलो. आता वर्धा जिल्ह्यात सात एकर वावर, दोन म्हशी, आणि पहाटे कालव्याच्या रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पंधरा-वीस पोरं. फी घेत नाही, म्हणून कोणी टिकतही नाही असं आमची मंडळी म्हणते. ते असो.

मोठ्या भावाचा मुलगा अग्निवीर आहे, म्हणजे चार वर्षांच्या भरतीतला शिपाई. ट्रेनिंग आटोपून सुट्टीवर आला. ओसरीत बसलो होतो, मी रगड्याचं, म्हणजे ट्रेनिंगमध्ये उस्ताद (शिकवणारा) जी दमवणारी शिक्षा देतो तिचं विचारलं, "रगडा कसा होता बे?" तर म्हणतो, "काका, होता ना. पण उस्ताद आधी सांगे, हे कायले करून रायलो आपन."

मी चूप बसलो. आमच्या वेळी ‘कायले’ हा शब्द तोंडातून निघाला असता तर अख्ख्या स्क्वॉडची मेंढकचाल (बेडूक उड्या) निघाली असती, आणि विचारणारा मधोमध उभा राहून पाहत असता. हीच त्याची शिक्षा. स्वतः भोगण्यापेक्षा ती वाईट, कारण रात्री बराकीत त्याच तीस जणांमध्ये झोपायचं असतं.

कामठीचा मे महिना विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. एका जणाच्या शर्टाचं बटण उघडं राहिलं म्हणून काळी पेटी डोक्यावर घेऊन मैदानाला चकरा. पाच मिनिटांत वर्दी, पाच मिनिटांत पीटीचा ड्रेस, पुन्हा वर्दी, रात्री अकरापर्यंत. केरळचा एक पोरगा चक्कर येऊन पडला. उस्तादनं बाटली ओतली, "उठ गया? चल." आणि तोच हरियाणाचा उस्ताद पुढं माझ्या लग्नाला दोन गाड्या बदलून वर्ध्याला आला. वरातीत सर्वांत जास्त तोच नाचला.

तर प्रश्न असा: हा जो फरक झाला, त्यानं शिपाई कच्चा झाला की फौज शहाणी झाली? पुतण्याचं ऐकून मला थोडा हेवा वाटला आणि थोडी भीतीही वाटली. दोन्ही का वाटलं ते समजलेलं नाही.

धुऱ्यावरचा, रविवार रात्री ९:३०

बाकी सारं बदललं असंन काका, पन फौजी सुट्टीवर आला की सांजच्याले "सहज आल्तो" म्हननारे शेजारी नाई बदलले. मी त्यातलाच एक हाव.

सुभेदार_सागर, रविवार रात्री १०:०५

हवालदार साहेब, जय हिंद. मी महार रेजिमेंट, १९८४ ची भरती. सेंटर मध्य प्रदेशातलं सागर. मधली तीन वर्षं तिथंच उस्ताद होतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूनं सांगतो.

लोकांना वाटतं रगडा म्हणजे छळ. रगड्याचं काम एवढंच की माणूस थकून गळाल्यावरही हात-पाय हुकमावर चालले पाहिजेत. गोळी येते तेव्हा समजावून सांगायला कोणी बसत नाही. ‘लेट पोझिशन’ म्हटलं की जमिनीवर. ज्यानं आधी विचार केला, तो मागं राहिला.

दुसरं असं की माझ्या स्क्वॉडमध्ये सही न येणारी पोरं होती. फौजेतच अक्षर गिरवून तिसऱ्या दर्जाचं आर्मी सर्टिफिकेट काढायची. त्यांना पाच वाक्यांत कारण सांगत बसलो असतो तर सूर्य मावळला असता. करून दाखव, करून घे, चुकला की पुन्हा करून घे. आज जनरल ड्युटीला, म्हणजे साध्या शिपायाच्या भरतीला, दहावी पास, पंचेचाळीस टक्के लागतात, आणि निम्मी पोरं बारावी किंवा बी.ए.ची असतात. त्याला ‘का’ सांगितलं तर तो लवकर शिकतो. म्हणजे उस्ताद काही मवाळ झाला नाही. समोरचं पोरगं वेगळं आलं.

पुण्यात_अडकलेला_अमरावतीकर, रविवार रात्री १०:४१

सुभेदार साहेबांचा आदर ठेवून असहमत. कवायत, बूट चमकवणं, अपमान करून ‘मोडणं’ हे सगळं इंग्रजांकडून आलेलं आहे. रांगेत उभं राहून एकदम बंदुका झाडायच्या काळातली कवायत आजच्या लढाईत कशाला? आता तर पायदळाच्या पलटणींमध्ये ‘अश्नी’ नावाच्या ड्रोन प्लॅटून आल्यात. ड्रोन उडवणाऱ्याला बेडूक उड्या मारायला लावून काय मिळणार?

सुभेदार_सागर, रविवार रात्री ११:०२

अमरावतीकर भाऊ, ड्रोनची बॅटरी, पाणी, दारूगोळा आणि स्वतःचं अन्न पाठीवर घेऊन डोंगर चढल्यावरच ते ड्रोन उडतं. बीपीईटीत, म्हणजे फौजेच्या शारीरिक चाचणीत, सगळं वजन अंगावर घेऊन पाच किलोमीटर पळावं लागतं, दोर चढावा लागतो, नऊ फुटांचा खड्डा ओलांडावा लागतो. त्या खड्ड्याला ड्रोनची माहिती नाही.

कवायत आणि रगडा एक नाही. आणि इंग्रजांचं म्हणाल तर त्याबद्दल मला बरंच बोलायचं आहे. उद्या.

यवतमाळची_नीता, सोमवार सकाळी ७:२०

मी फौजीची मुलगी आणि फौजीची बहीण. मैदानातलं मला काही कळत नाही, दाराच्या या बाजूचं सांगते.

बाबा १९८७ च्या शेवटी श्रीलंकेला गेले. निळं आंतर्देशीय पत्र यायचं, ५६ ए.पी.ओ.चा, म्हणजे फौजेच्या पोस्टाचा, शिक्का. आईला वाचता येत नव्हतं. शाळेचे गुरुजी संध्याकाळी ओट्यावर बसून वाचायचे आणि अर्धी गल्ली ऐकायची. बाबा काय लिहायचे? "मी खुशाल आहे. इकडे पाऊस आहे. बैलाला मीठ देणे." कुठे आहे, काय चाललंय, एक शब्द नाही. पत्र पोचेपर्यंत तो पाऊस थांबलेला असायचा. गुरुजी गेल्यावर आई ते पत्र घेऊन चुलीपुढे बसायची, वाचता येत असल्यासारखी.

आता भाऊ जम्मूकडे आहे. रोज व्हिडिओ कॉल. सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, तर झाड उपटून कॅमेऱ्यासमोर धरतात. चुलत्यासोबत धुऱ्याचं भांडण झालं, ते त्याला लाइव्ह ऐकू गेलं. तो तिकडं रात्रभर जागा. आई म्हणते, "पोरगं जवळ वाटते." मला वाटतं आम्ही घर उचलून त्याच्या चौकीवर नेऊन ठेवलं.

फौजेत सर्वांत मोठा बदल कोणता विचाराल तर माझ्या लेखी हा. रगडा नंतर.

धुऱ्यावरचा, सोमवार सकाळी ७:५८

ताई, "बैलाले मीठ देने" वाचून डोळ्यात पानी आलं राजेहो. सकाळी सकाळी.

सुभेदार_सागर, सोमवार दुपारी १:१५

नीता बाई, अगदी बरोबर. सुभेदार असताना माझा अर्धा वेळ यातच जायचा. पूर्वी घरची बातमी महिन्यानं यायची, तोवर ती मिटलेली असायची. आता नवरा-बायकोचं भांडण गस्तीला निघायच्या दहा मिनिटं आधी होतं. अशा जवानाला त्या दिवशी गस्तीवर पाठवायचं की नाही, हे त्याचा चेहरा पाहून ठरवावं लागायचं. हे कोणत्याही कवायतीत शिकवलेलं नव्हतं.

फोननं दुसरीकडूनही फौज बदलली. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलातल्या एका जवानानं जेवणाचा व्हिडिओ टाकला आणि देशभर गाजला. माझ्या काळात डाळ पातळ आहे म्हणायला कंपनी दरबारची वाट पाहायची, आणि दरबारात कोणी म्हणायचं नाही. जुलै २०२० मध्ये सेनेनं ८९ ॲप काढायला लावली, फेसबुकसुद्धा. कारण गुप्ततेचं होतं आणि ते खरं होतं. पण पोरगं ॲप काढतं आणि मोकळ्या वेळात करायचं काय, ते त्याला सुचत नाही. आम्ही बराकीत ढोलक वाजवायचो.

आता इंग्रजांचं. अमरावतीकर भाऊ, कवायत इंग्रजांची म्हणून फेकून द्या म्हणणं सोपं आहे. आमच्या घराण्याला ती कवायत मिळण्यासाठीच भांडावं लागलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई भरपूर होते. १८५७ नंतर इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’चं शास्त्र काढलं, पंजाबकडे तोंड फिरवलं, आणि १८९० च्या दशकात महारांची भरती बंद करून टाकली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, पुढं शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, आणि काम झाल्यावर १९२१ ला मोडली. बाबासाहेब १९४१ ला संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्याच रेजिमेंटनं पुढं दोन लष्करप्रमुख दिले, कृष्णराव आणि सुंदरजी. परमेश्वरन साहेबांचं परमवीर चक्रही आठव्या महारचं.

माझे आजोबा सांगायचे, गावात ज्या विहिरीवर जाऊ देत नव्हते, तिथं पलटणीत एका टाकीचं पाणी. एका पंगतीत जेवण. सकाळी उस्ताद सगळ्यांना सारखीच शिवी देई. ‘सारखीच’ हा शब्द ते दोनदा म्हणत. शहरात बसून रगड्याला अपमान म्हणणं ठीक आहे, पण ज्याला गावानं आधीच रोज अपमान दिला, त्याला तो सगळ्यांसोबत सारखा मिळणंसुद्धा काही वेगळं वाटत असेल.

पुण्यात_अडकलेला_अमरावतीकर, सोमवार दुपारी २:३३

या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही. हे मला माहीत नव्हतं. कालचा ‘इंग्रजांकडून आलेलं’ हा मुद्दा मागे घेतो, बेडूक उड्यांचा ठेवतो.

डॉ_झाडीपट्टी, सोमवार रात्री ८:४०

बेडूक उड्यांवर मी बोलतो. भंडाऱ्याकडे ग्रामीण भागात दवाखाना आहे, दर भरतीच्या मोसमात पोरं नडगी धरून येतात.

धागाकर्त्यांच्या पोस्टमधला केरळचा पोरगा उन्हात पडला, बाटली ओतली, उठला. उठला हे नशीब. उष्माघातात अंगाचं तापमान चाळीसच्या वर गेलं, बोलणं बरळल्यासारखं झालं की तो ‘नाटक’ नसतो. अति ताणानं स्नायू फुटून किडनीवर जातं, लघवी कोकसारखी काळी होते. आणि हाडाची बारीक चीर, जिला आम्ही स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो, ती जगभरच्या रंगरुटांची जुनी दुखणी आहे. सवय नसलेल्या पायावर एकदम भार टाकला की सहा-आठ आठवडे पोरगं बसून. भार हळूहळू वाढवायचा, सकाळी लवकर पळवायचं, पाणी ठरवून पाजायचं, यात लाड काही नाहीत. तयार शिपाई वाया जाऊ नये एवढाच हिशोब.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम. पूर्व विदर्भात सिकलसेल बरंच आहे. ज्याला आजार आहे त्याला बहुधा माहीत असतं. पण जो फक्त वाहक आहे तो ठणठणीत असतो, त्याला पत्ताच नसतो. असा पोरगा उन्हात, पाणी न पिता, जिवाच्या आकांतानं पळाला तर कोसळू शकतो. वाहक असणं म्हणजे पळू नये असं नाही. माहीत असावं, पाणी प्यावं, हळूहळू वाढवावं. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, एक थेंब रक्त. मैदानावर पोरं जमवणाऱ्या प्रत्येकानं हे आधी करून घ्यावं.

आणि कृपा करून भरतीच्या सकाळी दुखणं मारायचं इंजेक्शन घेऊ नका. गावात ते कोण टोचतं, मला माहीत आहे.

सुभेदार_सागर, सोमवार रात्री ९:१०

डॉक्टर साहेब, उन्हाचं मान्य. माझ्या हातून एकदा असं होता होता राहिलं. ज्या दिवशी मला राग आला म्हणून रगडा दिला, तो दिवस पोरांचा वाया गेला आणि माझाही. हे तेव्हा कळत नव्हतं.

रेवा_मावशी, सोमवार रात्री ९:४४

सगळे पोट्टे, पोट्टे चाललंय. पोरींचं कोणी बोलेल का?

माझी भाची बुलढाणा जिल्ह्यात, पहाटे डांबरी रस्त्यावर पळते. तिचे बाबा मागून सायकलवर, हातात काठी. कुत्र्यांसाठी कमी आणि बघ्यांसाठी जास्त. मिलिटरी पोलिसात शिपाई म्हणून पोरींची पहिली तुकडी मे २०२१ ला बेंगळुरूहून बाहेर पडली, तेव्हाच तिनं ठरवलं. आठ मिनिटांच्या आत सोळाशे मीटर, दहा फूट लांब उडी, तीन फूट उंच उडी. वावरातल्या मातीत खड्डा केलाय. सुरुवातीला गावातल्या बाया म्हणायच्या, काळी पडशील, कोण करंल तुले. आता त्याच आपापल्या पोरी पाठवतात. चार झाल्या आहेत. सायकल मात्र एकच.

तुमच्या ‘मऊ’ प्रश्नाचं उत्तर तिला विचारा, काठी तिच्या बाबांच्या हातात आहे.

धुऱ्यावरचा, सोमवार रात्री ९:५०

नाई विचारत मावशी.

मास्तर_दिग्रस, मंगळवार सकाळी ६:३०

शिक्षक आहे, शाळेत एन.सी.सी. सांभाळली. कामठीच्याच ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत माझंही प्रशिक्षण झालं, त्यामुळे धागाकर्त्यांच्या कामठीच्या उन्हाला दुजोरा.

बदल भरतीच्या दारातच झालाय, तिकडं कोणी पाहत नाही. पूर्वी मोकळ्या मैदानावर मेळावा. आदल्या रात्री हजारो पोरं स्टेशनवर, फुटपाथवर झोपलेली. पहाटे पळ, टिकलास तर मेडिकल, मग लेखी. २०२३ पासून उलटं झालं: आधी कॉम्प्युटरवर परीक्षा, पास झालास तरच मैदान. आता ती मराठीतही देता येते. फुटपाथवरची ती गर्दी कमी झाली, हे चांगलंच. पण माझा एक विद्यार्थी होता, पारध्याच्या बेड्यावरचा, हरणासारखा पळायचा. गणितात अडकला, मैदान त्यानं पाहिलंच नाही. जुन्या पद्धतीत पहिला आला असता, लेखीचं पुढं पाहिलं असतं कोणीतरी. मी त्याला अजून त्रैराशिक शिकवतोय. तो अजून पळतोय.

भरतीवाला_पोट्टा, मंगळवार रात्री १०:१५

मी पहिल्यांदाच लिवून रायलो, चुकलं तर माफ करा.

मी मोर्शी तालुक्यातला. दोन वर्षापासून तयारी करून रायलो. मागच्या वेळी लेखी निघाली, ग्राउंडवर सोळाशे मीटर पाच मिनिट पस्तीस सेकंदात आलो. पाच तीसमध्ये आलं तं साठ मार्क, पाच सेकंदानं अठ्ठेचाळीस. बीम (पुल-अप) दहा मारले, चाळीसपैकी चाळीस. लिस्टमध्ये नाव नाई. बारा मार्कानं माही जिंदगी थांबली असं वाटलं तवा.

तुमी सारे म्हनता ट्रेनिंगमधला रगडा कमी झाला. बराबर असंन. पन आमचा रगडा घरीच सुरू होते. आधी शहरात एका अकॅडमीत होतो. महिन्याचे सात हजार, जेवन धरून. एका खोलीत अठरा पोट्टे. चार वाजता उठवे, उशीर झाला तं पट्टा. ‘फौजेची सवय’ म्हने. तो सर फौजेत कधी गेलाच नव्हता, नंतर समजलं. बाबानं गोऱ्हा विकला त्या पैशासाठी. मी सहा महिन्यानं घरी आलो, आता एकटाच पयतो. पोलीस भरतीचा फॉर्म बी भरला, एसआरपीचा (राज्य राखीव पोलीस) बी. पोलिसात बी सोळाशे मीटरच हाय, एसआरपीले पाच किलोमीटर.

अन काका, सोयरिकीचं तं विचारूच नका. आमच्या गावचा अग्निवीर झाला, पोरगी पाहाले गेले तं पोरीच्या बापानं पयलं विचारलं, चार वर्षानं काय? शंभरातले पंचवीस ठेवतेत, तुम्ही पंचवीसमध्ये का पंच्याहत्तरमध्ये? तो बिचारा चहा पिऊन आला.

पुण्यात_अडकलेला_अमरावतीकर, मंगळवार रात्री १०:३१

चार वर्षांनी हातात जवळपास पावणेबारा लाख मिळतात, तेही सांगा की. तेवीस-चोवीसाव्या वर्षी गावात कोणाकडे असतात एवढे?

धुऱ्यावरचा, मंगळवार रात्री १०:३८

भाऊ, त्यातले अर्धे त्याच्याच पगारातले कापलेले असतेत. तीस हजारातले एकवीस हातात. अन पेन्शन नाई. आमच्या बुढ्याचा चुलता पंधरा वर्षं नोकरी करून आल्ता, पुढं चाळीस वर्षं पेन्शन खाल्ली. मरेपर्यंत बँकेत सलाम होता त्याले. बारा लाखाची एक बोअर, एक जुना ट्रॅक्टर, अन बहिनीचं लगन. संपलं.

संपादक, मंगळवार रात्री १०:५५

अग्निपथ योजना बरी की वाईट यावर वेगळे धागे आहेत. तिकडे जावे. इथे प्रशिक्षणावर.

धुऱ्यावरचा, मंगळवार रात्री १०:५७

हाव साहेब. मेंढकचाल मारतो.

यवतमाळची_नीता, बुधवार सकाळी ७:०५

संपादकांची माफी मागून एकच. चार वर्षांचा प्रश्न प्रशिक्षणाबाहेरचा नाही. बाबांच्या पलटणीत पंधरा-वीस वर्षं तीच माणसं एकत्र. आमच्या घरी दिवाळीला अजून सातारा, नांदेड, परभणीहून फोन येतात. बाबा गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी सहा म्हातारे दारात उभे होते, कोणी बोलावलं नव्हतं. नव्या पोरांना असे सहा म्हातारे मिळतील का?

सुभेदार_सागर, बुधवार दुपारी १२:२०

बाई, यावर मी रात्रभर विचार केला. पहिली तुकडी जानेवारी २०२३ ला ट्रेनिंगला बसली, म्हणजे चार वर्षं आता पुरी होण्यात आली. कोण राहील, कोण जाईल, हे माहीत असताना बडी (जोडीदार) बडीसाठी तसाच उभा राहील का, हे मी अजून पाहिलेलं नाही. भाच्याच्या पलटणीत चौकशी केली. तो म्हणाला, "मामा, पोरं चांगली आहेत, फोन कमी वापरा म्हटलं तर ऐकतात, चढाईला आमच्या पुढं असतात. पण एकमेकांचे मार्क मोजतात." एवढंच सांगितलं त्यानं.

कामठीचा_गार्ड (धागाकर्ता), बुधवार रात्री ९:४०

तीन दिवस फवारणी चालू होती, फक्त वाचत होतो.

भरतीवाल्या, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मग पुतण्याला फोन लावून बसवलं आणि सगळं नीट विचारलं. त्याचं ट्रेनिंग एकतीस आठवड्यांचं. आमचं त्याहून लांब होतं. आता ऐका. मी भरती झालो तेव्हा मैल पळणं काय असतं मला माहीत नव्हतं. बैलामागं चालणारा पोरगा. बूट पहिल्यांदा फौजेनं घातले, दात घासायचा ब्रश फौजेनं दिला, आठवड्यातून तीनदा अंडं फौजेनं चारलं. पहिले तीन महिने तर उस्ताद आमचं अंगच तयार करत होता. तो रगडा बहुतेक त्यातलाच.

पुतण्या भरती झाला तेव्हा दोन वर्षं या कालव्यावर पळालेला होता. पाच पंचवीसमध्ये मारायचा, दहा बीम सहज. माझ्या म्हशीचं दूध, त्याच्या आईचे उकडलेले हरभरे, बुटाचे तीन जोड भावानं कापूस विकून घेतलेले. म्हणजे उस्तादच्या हातात गेलं तेव्हा पोरगं अर्धं तयार होतं. म्हणून तर उस्तादला ‘का’ सांगायला वेळ मिळाला. रगडा कमी झाला नाही रे, तो फौजेतून उठून आपल्या गावात आला. खर्चही गावावर आला. तुझ्या बाबांचा गोऱ्हा त्यात गेला, आणि ज्याच्याकडे गोऱ्हाच नाही तो मास्तरांच्या त्या पोरासारखा बाहेर. आमच्या वेळी गोऱ्हा लागत नव्हता.

हेवा का वाटला ते मला आता कळलं. त्याला कोणी समजावून सांगितलं, मला नाही. भीतीचं सुभेदार साहेबांच्या भाच्यानं सांगून टाकलं.

डॉक्टर साहेब, रविवारी सगळ्या पोरांना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जातोय. तुमची पोस्ट छापून भिंतीवर लावली आहे. सतरा पोरं, त्यातली दोन पोरी. रेवा मावशी, त्या तुमच्या भाचीचं वाचून आल्या असाव्यात, नाहीतर परवापर्यंत एकही नव्हती.

डॉ_झाडीपट्टी, बुधवार रात्री ९:५८

रिपोर्ट आले की मला कळवा. वाहक निघाला तर त्याला मैदानावरून काढू नका, मला फोन करा.

भरतीवाला_पोट्टा, बुधवार रात्री १०:०२

काका, मोर्शीवरून तुमच्याकडे याले जमंल का? राहाची सोय नसली तरी चालते. पाच सेकंदच कमी करायचे हाय.

कामठीचा_गार्ड (धागाकर्ता), बुधवार रात्री १०:१०

ये. गोठ्याच्या बाजूची खोली रिकामी आहे, पंखा आहे, लाइट जाते. दूध काढायला हात लावावा लागेल. शेवटच्या चारशे मीटरला तू खांदे आवळत असशील, पाच पस्तीसवाले सगळे तेच करतात. ते येऊन पाहू. बाबांना सांगून ये, पैसे आणू नको.

मास्तर_दिग्रस, बुधवार रात्री १०:२५

खोलीत दोघं मावतील का? गणित मी फोनवरून घेत जाईन.

कामठीचा_गार्ड (धागाकर्ता), बुधवार रात्री १०:२८

मावतील. पाठवा.

सुभेदार_सागर, बुधवार रात्री १०:४५

हवालदार साहेब, पुढच्या आठवड्यात माझं पुलगावला काम आहे. पहाटे तुमच्या कालव्यावर यावं म्हणतो. शिटी अजून आहे माझ्याकडे.

धुऱ्यावरचा, बुधवार रात्री १०:४७

सुभेदार साहेब, येताना कॅन्टीनवरून या. सहज म्हनलं.